विरळ

रिपोर्टावर पेन टेकवून डॉक्टर म्हणाल्या,
हाडं विरळ होताहेत, निमजेबाई.

विरळ.
हा शब्द मी शेवटचा ऐकला तो
गोळीबार चौकामागच्या आमच्या खोलीत.
बाबा मागावरून उतरवलेलं लुगडं
दारातल्या उन्हाकडे धरायचे.
त्यातून समोरची सायकल दिसली की म्हणायचे,
पोत विरळ आला. हात हलका पडला माझा.
त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

आता मी बावन्न वर्षांची,
वीज कंपनीच्या खिडकीत लोकांची बिलं दुरुस्त करणारी,
नंदनवनात, पिठाच्या गिरणीमागच्या टिनाच्या शेडमध्ये
पहाटे साडेपाचला उभी.
सलवारीवर नवऱ्याचा जुना टी-शर्ट,
पाठीवर कुठल्याशा बियाणं कंपनीचं कणीस.
संघपाल गजभिये, वय सव्वीस, मला काकू म्हणतो
आणि दाखवतो: हा बार. रिकामाच वीस किलो.

रिकामाच वीस किलो!
मला हसू आलं.
मग तो खांद्यावर घेतला,
आणि हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

भरलेलं सिलिंडर मी उंबऱ्यावरून ओढलंय.
कूलरच्या बादल्या, एप्रिल ते मृग, दिवसाला आठ.
सासऱ्यांना पलंगावरून खुर्चीत,
खुर्चीतून पलंगावर,
तीन वर्षं.
कंबर दुखायची, तेवढीच त्याची नोंद.
इथं मात्र वही आहे.
संघपाल म्हणतो, लिहा काकू,
नाही लिहिलं तर उचललंच नाही समजा.
सोमवार. पंचवीस. पाच-पाचचे तीन फेरे.
गुरुवार. साडेसत्तावीस.
अडीच किलो म्हणजे एक लहानसं कोहळं.
त्यानं काय होतं, असं कोहळ्याकडे बघून वाटतं.

शेजारीण म्हणाली, काऊन वं कुंदा,
आता या वयात पहिलवानकी?
मी म्हटलं, हो.
दुसरं काही सुचलं नाही.

मे महिन्यात बार असा तापायचा
की पहाटेच हाताला चटका.
खडूची पांढरी भुकटी घामात विरघळून
कोपरापर्यंत ओघळ.
गुडघे कुरकुरले, संघपालनं पावलं थोडी बाहेर वळवली,
कुरकुर थांबली. इतकं सोपं होतं?
तीस वर्षं मी ती म्हातारपणाची समजत होते,
म्हणजे बाविसाव्या वर्षापासून.

मारबतीच्या दिवशी शेडमध्ये चारच माणसं,
बाकीची मिरवणुकीला जागा धरायला गेलेली.
खांद्यावर चाळीस. पहिल्यांदा.
एक, दोन, तीन. चौथ्याला डोळ्यांपुढे काजवे.
पाचव्याला खाली गेले
आणि वर यायचा रस्ताच सापडेना.
मांड्या थरथरल्या, श्वास अडकला,
बार रॅकच्या आडव्या दांड्यांवर आदळला,
असा आवाज की गिरणीवाला पिठाच्या हातानं धावत आला.
मी खाली बसलेली, पाय पसरून.
कोपऱ्यातला एक पोरगा कानातलं काढून ओरडला,
इडा पिडा घेऊन जा गे मारबत!
आणि सगळे हसले.
सगळ्यांत जास्त मी.
आयुष्यात हातातून काही पडलं
आणि मी माफी मागितली नाही,
असं बहुतेक पहिल्यांदाच.

वहीत लिहिलं:
चाळीस. चार वेळा. पाचव्याला बसले.
संघपालनं ते वाचलं, काही खोडलं नाही.

पुढचा रिपोर्ट डिसेंबरात.
आकडा हलेल, न हलेल.
आत काय विणलं जातंय ते बाहेरून दिसत नाही,
बाबांनाही मागावर असताना दिसत नसे,
उतरवल्यावरच कळायचं.

काल दुपारी खिडकीत ऊन तिरपं आलं
तेव्हा मी तळहात वर धरला.
बोटांच्या फटींतून लाल उजेड,
घट्टे पडलेत तिथं मात्र नाही.
किती वेळ बघत होते कोण जाणे,
जाळीपलीकडचा माणूस शेवटी म्हणाला,
मॅडम, बिल पाहून राहिल्या का हात?